पेटी कोणती?

"गोंगाटांत डावें-उजवें तें काय करावयाचें? दोन्ही पेट्या विहिरींत टाका आणि मुलाला चार महिने यमन घोकायला लावा." हा निकाल आमच्या एका स्नेह्यांनीं मध्यंतरीं आमच्याच ओसरीवर बसून दिला. स्नेही वकील आहेत, गाण्याचे जुने व्यासंगी आहेत, आणि जुन्या जालन्यांत त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यामुळें बैठकींतील बाकीच्या मंडळींनीं माना डोलावल्या. मीहि त्या वेळीं गप्प बसलों. घरीं आलेल्या पाहुण्याशीं वाद घालूं नये, ही आमच्या घरची रीत. परंतु मासिकाच्या पानांना ओसरीचे नियम लागू नाहींत, आणि वकीलसाहेब हें मासिक नेमानें वाचतात हें मला ठाऊक आहे.

प्रकरण असें. माझा भाचा चोवीस वर्षांचा आहे. बियाण्यांच्या एका कंपनींत तो नोकरी करतो आणि दर रविवारीं छत्रपति संभाजीनगरास जाऊन तीन मित्रांसह विजेची गिटार वाजवितो. ज्याला तीं मुलें 'मेटल' म्हणतात तें हें संगीत. दोन वर्षांच्या बचतींतून त्याला एक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घ्यावयाचा आहे, आणि दोन त्याच्या मनांत भरले आहेत. दोन्ही अमेरिकन, आणि योगायोग असा कीं दोन्ही १९९२ सालीं प्रथम बाजारांत आले. एक कॅलिफोर्नियांतील मेसा-बूगी या कारखान्याचा 'ड्युअल रेक्टिफायर'. दुसरा मिसिसिपी संस्थानांतील मेरिडियन गांवच्या पीव्ही कारखान्याचा '५१५०'. हा एडी व्हॅन हेलन या गिटारवादकाच्या सहकार्यानें तयार झाला, आणि २००४ सालीं कारखाना व वादक विभक्त झाल्यावर तोच पुढें '६५०५' या नांवानें निघूं लागला. (५१५० हा आंकडा कॅलिफोर्नियांतील एका कायद्याच्या कलमाचा आहे, वेडाच्या भरांत धोकादायक झालेल्या माणसाला सक्तीनें इस्पितळांत ठेवण्याचें तें कलम. वकीलसाहेबांना हें आजवर कळलें नव्हतें, नाहीं तर त्यांचा खटला अर्धा तेथेंच जिंकला असता.) "मामा, तुम्ही फिजिक्स शिकवतां, तुम्हीच सांगा कोणता घेऊं," असें भाचा म्हणाला, आणि तें ऐकूनच वरील निकाल सुनावण्यांत आला.

वकीलसाहेबांच्या आक्षेपाचें मूळ एका शब्दांत आहे. या पेट्या जें करितात त्याला इंग्रजींत 'डिस्टॉर्शन' म्हणतात, आणि आपण मराठींत 'विकृति' म्हणतों. शब्द उच्चारला कीं खटला संपला! पण ज्या शास्त्राच्या नांवानें हा निकाल दिला जातो त्या शास्त्रांत कोमल ऋषभ विकृत आहे, तीव्र मध्यमहि विकृत आहे. आणि मुलाला उतारा म्हणून जो यमन सांगण्यांत आला तो विकृत मध्यमावांचून उभाच राहत नाहीं. तेथें विकृत म्हणजे मूळ ठिकाणापासून बुद्धिपुरःसर ढळविलेला, एवढाच अर्थ आपण घेतों. तेवढीच सवलत मी या पेट्यांसाठीं मागतों.

त्या करितात काय, तें पाहूं. गिटारच्या तारांखालीं लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. वरची तार हालली कीं त्या वेटोळ्यांत व्होल्टच्या कांहीं दशांशांइतका दाब उत्पन्न होतो. तो व्हॉल्व्हच्या एका टप्प्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असा वाढवीत नेतात. जुने रेडिओ ज्यांनीं उघडून पाहिले आहेत (बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें हे व्हॉल्व्ह एके काळीं आपल्या देशांतहि केले) त्यांना सांगावयास नको कीं प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या कुवतीपुरताच दाब देतो. त्यापलीकडे त्याला ढकललें कीं लहरीचा माथा कापला जातो. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर हा दोष समजून घालवीत असे. या पेट्यांत तो मुद्दाम, टप्प्याटप्प्यानें घडवून आणतात. माथा कापलेल्या लहरींत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट कंपनांचे नवे स्वर उमटतात, आणि एरवीं क्षणांत विझणारी तार बराच वेळ एकाच बळानें बोलत राहते. तारेच्या वाद्याला आस मिळावी म्हणून माणसानें आजवर जे खटाटोप केले त्यांतलाच हा एक.

यांत आपल्याला परकें असें काय आहे? तंबोऱ्याची घोडी पाहा. मिरजेचा कारागीर तिचा माथा घांसून किंचित् बाकदार करितो आणि तारेखालीं सुताचा दोरा सरकवितो. तार त्या उताराला चाटून थरथरली कीं जवारी लागते. गुळगुळीत कंपनांत जाणूनबुजून केलेला बिघाड, यापलीकडे जवारी दुसरी काय आहे? चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या तंतुवाद्यांवर एक लेख लिहिला. तार जेथें छेडावी तेथेंच ज्यांचा निश्चल बिंदु येतो ते उपस्वर युरोपांतील मान्य नियमाप्रमाणें ऐकूं येतां कामा नयेत; पण तंबोऱ्यांत आणि वीणेंत ते खणखणीत ऐकूं येतात, असें त्यांनीं दाखविलें, आणि याचें कारण घोडीच्या घडणींत आहे असें सांगितलें. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तेव्हां आपण सर्वांनीं आनंद मानला. त्या तंबोऱ्याचा दोरा काढून टाका, आणि उरेल त्या शुद्ध, निर्विकार आवाजांत वकीलसाहेबांनीं घटकाभर गाऊन दाखवावें.

याहून एक गोष्ट मला अधिक नवलाची वाटली. हीं मुलें बहुतेक वेळ दोनच स्वर एकत्र छेडतात, आणि ते कोणते? षड्ज आणि पंचम. कोणत्याहि शाळेंत हें त्यांना शिकविलेलें नाहीं, पेटीनेंच शिकविलें. अशा यंत्रांत दोन स्वर एकत्र शिरले कीं त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीइतका तिसरा स्वर निपजतो. षड्ज-पंचमाचें प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे तोच षड्ज खालच्या सप्तकांत. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर गिटारच्या पडद्यांवरील पंचम खऱ्या पंचमापासून अवघे दोन सेंट ढळलेला आहे, त्यामुळें हें जमून जातें. गांधार मात्र जवळजवळ चौदा सेंट चढा आहे. तो षड्जाबरोबर पेटींत घातला कीं आवाज गढूळ होतो. वाचकांना आठवत असेल कीं ऑल इंडिया रेडिओनें १ मार्च १९४० पासून हार्मोनिअमला आपले दरवाजे बंद केले आणि १९७१ सालापर्यंत ते उघडले नाहींत. त्या वेळच्या आरोपपत्रांत मींड निघत नाहीं हा एक आरोप होता, आणि समान तुकडे पाडलेल्या सप्तकांतील हा चढा गांधार हा दुसरा. ज्या सुरासाठीं आपल्या पंडितांनीं तीस वर्षें वाद घातला तो हीं पोरें एका अक्षराचें शास्त्र न वाचतां, केवळ कानाला बोंचतो म्हणून टाळतात. यांना कान नाहीं असें कोणीं म्हणावें?

आणि कानाचीच गोष्ट निघाली आहे तर तीहि पुरती बोलून टाकूं. वकीलसाहेबांचा तंबोरा मीं पाहिला आहे. गेलीं कित्येक वर्षें तो गवसणींत आहे. त्यांचा सकाळचा रियाज ज्या पेटीवर होतो ती विजेची आहे. १९७९ च्या सुमारास बंगलोरच्या जी. राज नारायण यांनीं ज्या जातीची पेटी प्रथम तयार केली त्या जातीची. अलीकडे तर गांवीं जातांना तीहि घरीं राहते आणि फोनमधला तंबोरा पुरतो. यांत त्यांचा मोठा अपराध आहे असें मी म्हणत नाहीं. तंबोरा लावावयाला वेळ लागतो, पावसाळ्यांत तो उतरतो, आणि धरावयाला शिष्य कोठून आणावा? परंतु ती पेटी विकत घेतांना त्यांनीं दोन-चार पेट्या शेजारीं ठेवून, डोळे मिटून, कोणती जवारी खऱ्याच्या अधिक जवळ आहे हें ताडून पाहिलें होतें काय? मीं एकदां विचारलें. दुकानदारानें दिली ती घेतली, असें उत्तर मिळालें. माझा भाचा दोन महिने दोन पेट्यांतला फरक शोधतो आहे. गोंगाटांत डावें-उजवें काय, असें त्याला विचारणारा मनुष्य आपल्या स्वतःच्या षड्जांत डावें-उजवें करीत नाहीं!

आमच्या रस्त्यानें लग्नसराईंत वराती जातात. मोटारीवर रचलेल्या त्या डीजेच्या भिंतींनीं तावदानें थरथरतात. त्या कर्ण्यांतूनहि लहरींचे माथे कापलेच जात असतात. मात्र तें कोणीं निवडलेलें नसतें, तें घडतें आहे हेंहि वाजविणाऱ्याच्या गांवीं नसतें. त्यावर आमच्या ओसरीवर आजवर एकहि निकालपत्र निघालेलें नाहीं. हें संगीत परकें आहे हा आक्षेप तर मी फारसा मनावर घेत नाहीं. रॉक मशीन हा मेळा मुंबईंत १९८४ मध्यें निघाला, आणि १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉकचे जलसे तेथेंच सुरू झाले. धोबीतलावाच्या रंगभवनांत असले जलसे ऐकून म्हातारी झालेली एक पिढी आज नातवंडें खेळवीत आहे. पुढें तें रंगभवन इस्पितळांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या शेजारामुळें शांतता-क्षेत्रांत जाऊन मुकें झालें, ही निराळी कथा.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळलें पाहिजे. नाहीं तर भाचा खूष होऊन हा अंक मित्रांत वांटीत सुटेल. या तरुण मंडळींचा कान चांगला आहे, पण पेटी विकत घेण्याची वेळ आली कीं तीं कानाला विचारीत नाहींत. अमक्या ध्वनिमुद्रिकेवर अमकी पेटी होती, अमक्या वादकाच्या पाठीमागें छायाचित्रांत तीच दिसते, ती महाग आहे आणि शंभर वॅटची आहे, हे त्यांचे पुरावे. भाच्याचा ओढा रेक्टिफायरकडे आहे तो बव्हंशीं यांतूनच. म्हणून मीं प्रथम वॅटचा हिशेब त्याच्यापुढें मांडला.

या पेट्यांबरोबर जे बारा इंची लाउडस्पीकर वापरतात त्यांपैकीं सेलेशनचा 'व्हिंटेज ३०' घ्या. त्याला केवळ एक वॅट दिला तर एक मीटर अंतरावर सुमारें १०० डेसिबेल आवाज होतो. शंभर वॅटची पेटी पन्नासाची केली तर फरक पडतो फक्त तीन डेसिबेलचा. कानाला आवाज अर्धा वाटावा अशी इच्छा असेल तर दहा वॅटांवर आलें पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेल आहे. आमच्या बहिणीचें घर जुन्या जालन्यांतलें. भिंतीला भिंत लागलेली, माडीवरची खोली दहा फूट बाय बारा. तेथें भाचा यांपैकीं कोणतीहि पेटी एक वॅटाच्या वर नेऊं शकणार नाहीं. नेली तर पलीकडच्या भिंतीवर जें ठोठावलें जाईल तें तालांत नसेल.

या हिशेबानें रेक्टिफायरचें नांवच निरर्थक होऊन बसतें. रेक्टिफायर म्हणजे घरांतील उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेनें वाहावयास लावणारा भाग. इतर आधुनिक पेट्यांत तें काम सिलिकॉनचे डायोड करितात. या पेटींत डायोड किंवा पूर्वींच्या तऱ्हेचे ५-यू-४ व्हॉल्व्ह यांतून निवड करतां येते, आणि तिचा मोठेपणा त्यांत आहे असें सांगतात. व्हॉल्व्ह निवडला तर जोराच्या आघाताबरोबर आंतील दाब क्षणभर खालीं बसतो, मग सांवरतो, आणि स्वर दबून फुगल्यासारखा वाटतो. परिणाम सुंदर आहे, मीं तो ऐकला आहे. पण दाब खालीं बसावयाला पेटीला खरोखर दमविलें पाहिजे. एका वॅटावर ती दमत नाहीं. म्हणजे ज्या गुणासाठीं भाचा अधिक पैसे मोजणार तो गुण त्या माडीवर कधींच ऐकूं यावयाचा नाहीं. "पण मामा, शो असतो तेव्हां?" तेव्हां लाउडस्पीकरपुढें मायक्रोफोन ठेवतात, आणि सभागृहांत ऐकूं येतो तो आवाज दुसऱ्याच यंत्रांतून जातो, पेटी तेथेंहि फारशी दमत नाहीं.

एवढें झालें तरी कागदावरच्या हिशेबानें वाद्य निवडूं नये, म्हणून आम्ही दोघे पुण्यास गेलों. तेथें तालमीच्या खोल्या तासाच्या भाड्यानें मिळतात, आणि एका ठिकाणीं या दोन्ही पेट्या होत्या. गिटार एकच, चार लाउडस्पीकरांचें खोकें एकच, वाजविणारा एकच. दोन्हींचा आवाज फोनवरील मापकानें सारखा करून घेतला, आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलों. तेथल्या माणसानें माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें असेल ती मला दिसली नाहीं हें बरें झालें.

जें कळलें तें खरें सांगतों. लांब धरलेल्या षड्ज-पंचमांत मला पेट्या ओळखतां येईनात. कांहीं वेळां बरोबर आलें, कांहीं वेळां चुकलें. नाणें उडवूनहि तेवढेंच साधलें असतें. पण भाच्यानें तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवून द्रुत लयींत आघात सुरू केले, आणि दोन पेट्या दोन घराण्यांसारख्या वेगळ्या झाल्या. हे आघात तबल्यावरील बंद बोलांसारखे असतात. उमटला कीं मिटला पाहिजे. रेक्टिफायरमध्यें प्रत्येक बोलामागें डग्ग्याची घुमक रेंगाळत होती आणि पुढच्या बोलाच्या अंगावर पडत होती. ५१५० मध्यें बोल कोरडा, कांठ धरलेला, मधल्या सप्तकांत किंचित् कर्कश, पण एकन् एक मोजतां येण्यासारखा. एक आघात भाच्याचा हुकला तो तिनें चव्हाट्यावर मांडला. दुसरीनें असलेच दोन झांकून घेतले होते, हें त्यानें स्वतःच नंतर कबूल केलें.

याला कारण आहे. बाहेर जाणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा फिरवून पुन्हां आंत घ्यावा आणि त्यानें लाउडस्पीकरच्या कागदी शंकूला लगाम घालावा, अशी योजना बहुतेक ॲम्प्लिफायरांत असते. ५१५० मध्यें ती कायम आहे. रेक्टिफायरच्या ज्या 'मॉडर्न' बाजूवर हीं मुलें फिदा आहेत तींत ती काढून टाकलेली आहे. लगाम सुटला कीं खर्जाचा शंकु आघात थांबल्यावरहि हालत राहतो. हा परिणाम लहान आवाजांतहि असतो. त्यांत दहा फुटांच्या खोलींत सुमारें ५६ कंपनांचा स्वर भिंतींच्या मध्यें आपोआप घुमूं लागतो, आणि भाच्याच्या मेळ्यानें खालची तार ६५ कंपनांपर्यंत उतरविली आहे. अशा खोलींत खर्जाला आणखी मोकळें सोडणें म्हणजे विहिरींत ढोल वाजविणें. त्या पेटीचे भक्तहि हें मनांत ओळखून असावेत. कारण 'ट्यूब स्क्रीमर' नांवाची एक लहानशी हिरवी डबी तिच्याआधीं जोडून ते तिचा खर्ज छाटून घेतात. मोठ्या किंमतीला मोठा खर्ज विकत घ्यावयाचा आणि मग तो कापावयाला आणखी एक डबी घ्यावयाची!

तेव्हां माझा कौल पीव्हीच्या पेटीला आहे. विलंबित लय असती, स्वर दूरवर धरून ठेवावयाचे असते, मोठें मैदान असतें, तर मीं रेक्टिफायर घ्यावयास सांगितलें असतें, आणि तेव्हां तिचा फुगून येणारा स्वर पीव्हीला साधला नसता. पण हीं मुलें जें वाजवितात तें द्रुत आहे, खोली लहान आहे, आणि शिकणाऱ्याला चूक ऐकूं आली पाहिजे.

हल्लीं संगणकावर या सर्वांच्या नकला मिळतात, कानाला यंत्र लावून शेजाऱ्याला त्रास न देतां वाजवितां येतें, मग व्हॉल्व्हचा हट्ट कशाला, असेंहि मला विचारण्यांत आलें. प्रश्न रास्त आहे. माडीवरच्या रियाजाला मी तेंच सुचविलें आहे. पण त्या नकलांच्या यादींत ज्या अस्सलांची नक्कल असते त्यांत याच दोन पेट्या नांवें थोडीं झांकून बसलेल्या आहेत. निवड तेथेंहि चुकत नाहीं. व्हॉल्व्हच घ्यावयाचा तर इतर दोन गोष्टींकडे मात्र लक्ष असावें. अमेरिकेंतील वीज १२० व्होल्टची आणि ६० आवर्तनांची, आपली २३० व्होल्टची आणि ५० ची; तिकडची जुनी पेटी स्वस्त मिळाली म्हणून उचलली तर दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर आणखी घ्यावा लागतो, आणि आवर्तनें कमी म्हणून पेटीचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो तो वेगळाच. दुसरें, व्हॉल्व्ह आतां जगांत मोजक्या ठिकाणीं होतात: रशियांत सारातोव येथें, स्लोव्हाकियांत, चीनमध्यें. मार्च २०२२ मध्यें रशियांतून निर्यात अडली तेव्हां साऱ्या जगांतील गिटारवाल्यांची धांदल उडाली होती. दोन्ही पेट्यांत पुढचे पांच व्हॉल्व्ह १२-ए-एक्स-७ जातीचे आणि मागचे चार ६-एल-६ जातीचे लागतात, त्यामुळें या बाबतींत दोघी सारख्याच परावलंबी.

भाच्याला माझें म्हणणें अजून पटलेलें नाहीं. पुण्यास त्या दिवशीं वाजविणारा तो होता आणि ऐकणारा मी, तेव्हां मिटलेल्या डोळ्यांनीं त्यानें ऐकलेंच कोठें आहे, असें तो म्हणतो. आणि तें खरें आहे. पैसेहि त्याचे आहेत. येत्या शुक्रवारीं आम्ही पुन्हां जात आहों. या खेपेस भिंतीकडे तोंड करून तो बसेल आणि वाजवील त्याचा मित्र, एवढें मीं त्याच्याकडून कबूल करून घेतलें आहे. मोटारींत मागच्या बाजूस एक जागा रिकामी आहे, आणि वकीलसाहेबांच्या गल्लीवरूनच आम्हांस जावयाचें आहे. सकाळीं साडेपांच वाजतां आम्ही त्यांच्या दाराशीं थांबूं.